सगळ्यांच्या मागे मार्लिस

आमच्या सायकल मंडळात शेवटच्या माणसाला शेपूट म्हणतात. मार्लिस त्वेत ही आमची शेपूट. हे काम तिनं मागून घेतलं आणि मग कुणाला दिलं नाही. कुणाचं चाक पंक्चर झालं तर शेपूट थांबते. कुणाचा गुडघा धरला, कुणी झुडपाआड गेलं, कुणी उगाच पुलाच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिलं, तरी शेपूट थांबते, आणि का थांबलास असं विचारत नाही. संध्याकाळी तळावर पोचली की सायकलवरून उतरायच्या आधी मोठ्यानं सांगते, "मागे कोणी नाही." ते ऐकल्यावर आम्ही शेगड्या पेटवतो.

तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात हिवाळ्यात शाळेच्या वेळेला उजाडलेलं नसतं. गोठ्यातलं काम उरकून आलेली पोरं बसमध्ये चढत, त्यांच्या कपड्यांना आंबलेल्या चाऱ्याचा वास असे, आणि ऊब लागली की ती बाकांवर मुडपून झोपून जात. शेवटचा थांबा झाला की मार्लिस इंजिन बंद करून बसच्या मागच्या टोकापर्यंत चालत जाई, प्रत्येक बाकाखाली वाकून बघत. एकदा तिला एका बाकाखाली नुसता एक बूट सापडला. बर्फ पडत होतं. ती तशीच बस घेऊन पोराच्या घरी गेली. पोरगं स्वयंपाकघरात एका पायात बूट घालून बसलं होतं. त्याची आई हसून हसून बेजार झाली. "अगं मार्लिस, एका बुटासाठी एवढी बस फिरवलीस?" मार्लिस हसली नाही. बूट दारात ठेवून, पोराच्या तोंडाकडे एकदा नीट बघून ती परत गेली.

तिचा नवरा एका हिवाळ्यात ऊन खायला म्हणून ॲरिझोनाला गेला तो आला नाही. तो जिवंत आहे, नाताळात कार्ड पाठवतो. यापलीकडे ती त्याच्याबद्दल बोलत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी आमची सहल जुन्या रेल्वेवाटेनं जाते. रूळ कधीच उखडून नेले. खाली राहिलेल्या भरावावर चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला आहे, त्यावर चाकांचा आवाज पाटीवर खडू घासावा तसा येतो. तंबू, शेगडी, झोपायची पिशवी, सगळं ज्याचं त्याच्या सायकलवर. आगगाडीसाठी केलेली वाट म्हणजे चढही असा की डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोठा बोगदा येतो.

बोगद्यात दिवे नाहीत. छतातून पाणी गळतं, कडेच्या दगडी पन्हाळीतून वाहतं. दोन्ही तोंडांना भिंतीएवढे लाकडी दरवाजे आहेत, हिवाळ्यात ते लावून घेतात, नाहीतर गारठ्यानं आतला दगड फुटतो. आत सायकल चालवायची नाही, धरून चालायचं. बरंच आत गेल्यावर मागच्या तोंडाचा उजेड विझतो आणि पुढच्याचा अजून दिसत नाही. तिथे थांबायचं, असा आमच्या मंडळाचा रिवाज. सगळ्यांनी आपापले दिवे बंद करायचे. मग पुढून सुरुवात करून एकेकानं स्वतःचं नाव सांगायचं. कुणी काढला हा रिवाज, कुणाला आठवत नाही. त्या अंधारात आपलं नाव आपल्याच तोंडून निघतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. शेवटी मार्लिसचं नाव. ते आलं की दिवे लावायचे.

व्हर्ल पॉस्पिशिल आमच्यातला सगळ्यांत दणकट. दुधाचे टँकर चालवून निवृत्त झालेला, बोलायला आडदांड. मी सांगतोय त्या वर्षी वसंतात मुलाच्या शेतावर पत्र्याच्या कोठीतला मका मोकळा करायला तो आत उतरला आणि मका पायाखालून सरकला. छातीपर्यंत रुतला. गावातल्या लोकांनी बाहेरून पत्रा कापून त्याला काढला. नंतर तो स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगायचा. त्यामुळे आम्हालाही चेष्टेची मुभा आहे असं आम्ही धरून चाललो.

त्या ऑक्टोबरात, बोगद्याच्या दिवशी सकाळी न्याहारीला अंडी परतता परतता आर्डिस क्रूगर म्हणाली, "व्हर्ल, बोगद्यात मका नाहीये बरं का. नुसतं पाणी आहे."

"मग कणीस घेऊन जातो बरोबर," व्हर्ल म्हणाला. "एकटं वाटायला नको."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

आर्डिस आमच्या मंडळाची अध्यक्ष. व्हर्लच्या बाजूला बसलेला ड्वेन हॅल्व्हर्सन हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. तो हसला नाही. तो आपल्या कॉफीत बघत होता.

दुपारी बोगद्याशी पुढची मंडळी आधी पोचली. व्हर्ल आणि ड्वेन त्यांतच होते. मार्लिस अजून मागे, कुणाची तरी साखळी बसवत होती. बोगद्याच्या तोंडाशेजारून एक जुनी वाट टेकडीवर चढते. बोगदा खणला तेव्हा दगडाच्या गाड्या तिथून वर न्यायचे म्हणतात. आम्ही बाकीचे कोट आणि दिवे काढण्यात गुंतलो होतो, तिथे काय झालं ते ड्वेननं मला नंतर सांगितलं. व्हर्लनं कोट चढवला, दिवा लावला, दोन पावलं आत गेला आणि बाहेर आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"ड्वेन, मी वरून येतो."

"वरून? का रे?"

"वरून वाट जवळची आहे. तुम्ही बाहेर पडेपर्यंत मी पुढे गेलेला असेन."

"मार्लिसला सांग मग."

"तिला सांगितलं की झालं. संध्याकाळी सगळी पंगत मक्यावरून माझ्यावर हात धुऊन घेईल." मग थोडं थांबून, "आत माझं नाव घेशील?"

ड्वेननं होय म्हटलं. शाळेत हजेरी चालू असताना एकमेकांसाठी ओ द्यायचे, त्यापेक्षा यात काही जास्त आहे असं त्याला वाटलं नाही.

आम्ही आत गेलो. मार्लिस शेवटी आली, रांगेच्या मागे लागली. मध्यावर दिवे विझले. पाणी ठिबकत होतं. नावं येत गेली, आर्डिस, मी, ड्वेन, आणि मग त्याच दिशेनं, किंचित दाबलेल्या आवाजात, "व्हर्ल." कुणाला काही वाटलं नाही. पुढची नावं आली. अगदी मागून "मार्लिस" आलं. दिवे लागले आणि आम्ही चालू लागलो.

बोगद्यापुढे उतार आहे. सगळे पांगले, ज्याच्या त्याच्या वेगानं. तळ नदीकाठी होता. मार्लिस आली तेव्हा सूर्य झाडांमागे गेला होता आणि गवत पायाखाली ताठ व्हायला लागलं होतं. "मागे कोणी नाही," ती म्हणाली.

तंबू उभे राहिले. आर्डिसनं घेवड्याचं तिखट कालवण रटरटत ठेवलं. कुणीतरी विचारलं, "व्हर्लचा तंबू कुठेय?"

"गावात गेला असेल पुढे," आर्डिस म्हणाली. "शुक्रवार आहे. गुत्त्यात तळलेला मासा आणि ब्रँडी. त्याला काय आपलं कालवण गोड लागणार?"

"सांगून जायचं की म्हाताऱ्यानं."

"तो कधी सांगून गेलाय?"

दोघं जण सायकली घेऊन गावात गेले. परत आले ते धापा टाकत. गुत्त्यात नाही, पेट्रोलपंपावर नाही, पुलावर नाही. फोन लावला तर लागत नव्हता, पण त्या खोऱ्यात कुणाचाच लागत नाही. उजेड झपाट्यानं जात होता. आकाश स्वच्छ होतं, आणि आमच्याकडे ऑक्टोबरात आकाश स्वच्छ असणं वाईट. पहाटेपर्यंत पाण्याच्या बाटल्या गोठणार होत्या.

"मागे बघायला हवं का?" मी म्हणालो.

"मागे नाही," मार्लिस म्हणाली. "बोगद्यात त्यानं नाव दिलं. तिथून पुढे मी कुणाला ओलांडलं नाही. तो पुढेच आहे. नदी बघा."

आणि आम्ही नदी बघितली. मार्लिस म्हणते म्हणजे तसंच असणार. बॅटऱ्या घेऊन आम्ही काठाकाठानं पुढे गेलो, लव्हाळ्यात काठ्या घातल्या, हाका मारल्या. ड्वेनही आमच्यात होता. तो सगळ्यांत मोठ्यानं हाका मारत होता. त्याला तेव्हा खरंच वाटत होतं का व्हर्ल पुढे आहे म्हणून? तो म्हणतो, आधी वाटत होतं. मग वाटेनासं झालं, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. प्रत्येक हाकेबरोबर ती वेळ आणखी लांब जात होती.

शेवटी आर्डिसनं तळावरच्या न्हाणीघराच्या दारातल्या फोनवरून शेरीफच्या पोलीस कचेरीला फोन लावला आणि मार्लिसच्या हातात दिला. आम्ही भोवती उभे. तिकडचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"मिसेस त्वेत? मी ब्रेट. ब्रेट लुएट्के. तुमच्या बसमध्ये होतो मी."

"माहीत आहे. मागून दुसरा बाक. ब्रेट, आमचा एक माणूस सापडत नाही."

"पुढे की मागे?"

"पुढे. माझ्या मागे कोणी नाही."

"तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच नाही. मी गाडी पुढच्या पुलाकडे पाठवतो." कागदाचा आवाज आला. "शेवटचं कुठे पाहिलं त्यांना?"

"बोगद्यात."

"तुम्ही स्वतः?"

"हो. म्हणजे नाव ऐकलं मी त्याचं."

"पाहिलं की ऐकलं, मिसेस त्वेत? इथे लिहावं लागतं, म्हणून विचारतो."

मी मार्लिसकडे बघत होतो. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त फोन धरलेला हात कानापासून थोडा लांब आला, जणू त्यातून काहीतरी सांडेल.

"ऐकलं," ती म्हणाली.

तेवढ्यात माझ्यामागे कुणीतरी खाली बसलं. ड्वेन होता. दारातल्या ओल्या फरशीवर.

"तो आत आलाच नव्हता," तो म्हणाला. "मी बोललो ते. माझा आवाज होता तो. तो वरून येणार होता, टेकडीवरून."

मला वाटलं आता मार्लिस याला मारते. ती फोनमध्ये बोलली, "ब्रेट, बोगदा. बोगद्यावरची टेकडी. माणसं आणि स्ट्रेचर." फोन ठेवला. मग ड्वेनला म्हणाली, "ऊठ. झोपायची पिशवी घे. वाट तुला माहीत आहे."

"मार्लिस, मला वाटलं की..."

"चढताना बोल. इथे नको."

आम्ही तिघं निघालो. दुपारी उतरलेला तो न दिसणारा चढ आता चढायचा होता. ड्वेन पुढे, मग मी, मागे मार्लिस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला तिचा श्वास मागून ऐकू येत होता. बोगद्याच्या तोंडातून गार वारा येत होता. सायकली तिथेच टाकून आम्ही वाटेला लागलो. पानं पडून वाट बुजली होती, आणि पानांवर दहिवर बसायला लागलं होतं. मार्लिसनं शिट्टी फुंकली. थांबलो. काही नाही. वर गेलो. पुन्हा शिट्टी. पुन्हा काही नाही.

"मेला असेल तर?" ड्वेन म्हणाला.

"चाल."

"मी त्याला म्हणालो होतो तुला सांग म्हणून. खरंच म्हणालो होतो गं."

"ड्वेन, माझ्याशी बोलू नकोस. त्याला हाका मार."

माथ्याजवळ सायकल सापडली. झाडाला नीट टेकवून उभी केलेली, दोन्ही बाजूंच्या पिशव्या जागच्या जागी, शिरस्त्राण मुठीला अडकवलेलं. जणू मालक आत्ता येतो म्हणून गेला आहे. पलीकडे जमीन घळीत उतरत होती. आमच्या बॅटऱ्यांचा उजेड खोडांवर आपटून परत येत होता. कितीही फिरवला तरी नुसती खोडं.

मार्लिस गुडघ्यांवर बसली. मग हातांवर. गाल जवळजवळ जमिनीला लावून तिनं बॅटरी पानांच्या पातळीवर धरली आणि हळूहळू फिरवली, एका बाजूकडून दुसरीकडे. तिला इतकं खाली वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, पण मला कळलं की ती असं हजारदा वाकलेली आहे. खालून गेलेला उजेड वेगळाच होता. पानांच्या कडा दिसायला लागल्या, मुळं, दगड. आणि घळीत, आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली, एक चंदेरी रेघ चमकली. बुटाच्या टाचेवरची पट्टी.

व्हर्लनं अंगावर पानं ओढून घेतली होती. एक पाय असा वळला होता की त्याकडे बघवत नव्हतं. डोळे उघडे होते. आधी मला वाटलं, संपलं. मग ते डोळे मिटले आणि उघडले.

"शिट्टी ऐकली नाहीस?" मार्लिस म्हणाली.

"ऐकली." ओठ नीट हलत नव्हते.

"मग ओ द्यायला काय झालं होतं?"

दात वाजत होते. "वाटलं, सगळे आले असतील."

"आले असते तर?"

"मग सांगावं लागलं असतं ना, वरून का आलो ते."

मार्लिसनं पिशवीची चेन उघडली, त्याच्यावर पसरली, आणि स्वतः त्याच्या अंगाला अंग लावून पानांत आडवी झाली. आम्हालाही खुणावलं. ड्वेन दुसऱ्या बाजूला आडवा झाला. तो रडत होता, आणि व्हर्ल त्याला म्हणत होता, "गप रे. गप. तुझ्या नाकातलं पाणी माझ्या कानात जातंय." मग म्हणाला, "मका बरा होता. मक्यात ऊब तरी होती." कुणी हसलं नाही. मी बॅटरी आकाशाकडे धरून बसलो, ब्रेटच्या लोकांना दिसावी म्हणून. ते येईपर्यंत किती वेळ गेला सांगता येत नाही. एवढं आठवतं की मधे व्हर्लचे दात वाजायचे थांबले, आणि मार्लिस त्याच्या कानाशी ओरडायला लागली. त्याला शिव्या देत होती, त्याच्या बापाचं, आजोबाचं, त्याच्या टँकरचं नाव घेऊन, अशा शिव्या की शाळेच्या बसमध्ये कुणी उच्चारल्या असत्या तर तिनं त्याला रस्त्यात उतरवलं असतं. दात पुन्हा वाजायला लागले तेव्हा ती थांबली.

तो वाचला. पायात सळई घातली. वाट बुजली म्हणून पुढे बघायला तो सायकल ठेवून उतरला होता आणि ओल्या पानांवरून घसरला होता, हे त्यानं नंतर सांगितलं.

हिवाळ्यात मंडळाच्या बैठकीत आर्डिस म्हणाली, झालं ते झालं, चूक मार्लिसची नव्हती. मार्लिस उठून उभी राहिली. "माझ्या मागे माणूस होता आणि मी नाही म्हणाले," ती म्हणाली. "तुम्ही नदी शोधलीत ती माझ्या शब्दावर." आणि बसली. चूक नव्हती असं पुन्हा कुणी म्हटलं नाही. पण शेपूट दुसऱ्याला द्यावी असंही कुणी सुचवलं नाही. कुणाला घ्यायचीच नव्हती.

पुढच्या ऑक्टोबरात व्हर्ल आला. चालताना लंगडायचा, सायकलवर ते कळत नसे. चेष्टा कमी झाली होती. सगळेच त्याच्याशी जरा जपून बोलत होते, आणि ते त्याला जास्त लागत असावं. बोगद्याशी पोचल्यावर पुढची मंडळी या वेळी थांबून राहिली. मार्लिस आली. मग व्हर्ल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी वरून जाणार आहे. मला आत जाववत नाही."

पाण्याचा आवाज येत होता. आर्डिसनं आपली सायकल वळवली.

"तू कुठे?" मी विचारलं.

"वर. दर वर्षी आतून जाते, आणि दर वर्षी आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मला काय माहीत, वरून गेलेलं चालतं म्हणून?"

मागून आणखी एकानं वळवली. मग एका जोडप्यानं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझं चाकही टेकडीकडे वळलेलं होतं. ते मी कधी वळवलं, आठवत नाही.

मार्लिस दोन वाटांच्या मधे उभी होती. एकीकडे दिवे लावून थांबलेली रांग, दुसरीकडे आम्ही. तिची मान इकडून तिकडे फिरत होती. तिला असं अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी असण्याची जागा नेहमी एकच असायची, आता दोन झाल्या होत्या.

"ड्वेन," ती म्हणाली. "आत तू शेवटी राहा."

"मी?" ड्वेननं इकडेतिकडे पाहिलं. "माझ्यावर सोडतेस?"

"दिवे बंद करायचे नाहीत. नावं नकोत. निघताना एकेकाचं तोंड बघ, आणि मग त्याच्या मागे चाल."

"आणि मी चुकलो तर?"

"मग मी परत येईन," ती म्हणाली. "पण तू चुकू नकोस."

टेकडीवर आम्ही हळू चढलो. व्हर्लला पायामुळे थांबावं लागत होतं. तो थांबला की आम्ही सगळेच थांबायचो, पानं बघितल्यासारखं करायचो. घळीपाशी त्यानं खाली पाहिलं नाही. पलीकडे उतरलो तर बोगद्याच्या तोंडाशी कुणी नव्हतं. आम्हीच आधी आलो होतो.

आम्ही सायकली कठड्याला लावल्या. कुणीतरी चीजचे तुकडे काढले, पिशवी हातोहात फिरली. मार्लिसनं घेतले नाहीत. ती तोंडाशी उभी होती, आत बघत. आतून फक्त गार वारा आणि पाणी. तिनं शिट्टी हातात घेतली, फुंकली नाही. आर्डिस तिला काहीतरी म्हणाली, तिनं ऐकलं नाही. मला तिची बसमधली पोरं आठवली, आणि वाटलं की त्यांच्या आया सकाळी दारात अशाच उभ्या राहत असतील, बस वळणाआड गेल्यावरही.

मग खूप आत एक टिपका दिसला. मग दुसरा. हलत, लहान, एकामागून एक. माणसं बाहेर यायला लागली, ओल्या खांद्यांची, उजेडात डोळे बारीक करत. मार्लिस प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. सगळ्यांत शेवटी ड्वेन आला. त्याच्या खांद्यावरून ती अजून थोडा वेळ आत बघत राहिली, मग सायकलवर बसली आणि आम्ही सगळे पुढे जाण्याची वाट बघू लागली.